वाचकांचे प्रश्न : ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पाळीव ससा

या अंकातील सर्व प्रश्न ग्वाल्हेरच्या वाचकांचे असून ते सर्व पाळीव सशाच्या उन्हाळ्याविषयी आहेत. पहिल्या उत्तरात जे विस्ताराने आले आहे ते पुढील उत्तरांत पुन्हा दिलेले नाही. म्हणून उत्तरे क्रमाने वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : लष्कर भागातील जुन्या दगडी घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. मुलांच्या हट्टामुळे हिवाळ्यात एक पांढरा ससा आणला. आता दुपारी त्याच्या पिंजऱ्यासमोर टेबल-पंखा सतत चालू असतो, तरीही तो भराभर श्वास घेत पडून राहतो. पंख्याचा वेग वाढवावा की कूलर लावावा? कूलरच्या ओलसर हवेने त्याला सर्दी होईल, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे.
– एक वाचक, लष्कर

उत्तर : पंख्याचा वेग वाढवून उपयोग होणार नाही, भर दुपारी तर त्याने अपाय होण्याचीच शक्यता अधिक. आपल्याला पंख्याखाली बरे वाटते, कारण वाऱ्याने आपला घाम लवकर उडून जातो आणि उडताना अंगातील उष्णता घेऊन जातो. सशाला असा घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याच्या ओठांपाशी काय त्या थोड्याशा असतात. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो आणि जिभेवरील ओलाव्याने स्वतःला निववतो, पण ससा हा नाकानेच श्वास घेणारा प्राणी आहे. त्याचा श्वास कितीही वाढला तरी त्यातून निघणारी उष्णता फार थोडी असते. जाड, दाट लव अंगभर असल्यामुळे कातडीवाटेही फारशी उष्णता बाहेर पडत नाही.

उरतात ते कान. सशाच्या दोन्ही कानांचे क्षेत्रफळ त्याच्या सर्व अंगाच्या सुमारे १२ टक्के भरते. कानाच्या मध्यावरून एक मोठी धमनी आणि कडांनी शिरा जातात, कातडी पातळ असते व केस विरळ असतात. अंगात उष्णता साठू लागली की या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त कानांत येते, तेथे निवते आणि परत जाते. थंडीत याच वाहिन्या आकसतात व कान गार पडतात. रक्तवाहिन्यांचे हे उघडणे-मिटणे चेतातंतूंच्या ताब्यात असते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५१-५२ च्या सुमारास सशाच्या मानेतील एका बाजूचा अनुकंपी (इच्छेविना, आपोआप काम करणारा) चेतातंतू कापला, तेव्हा त्याच बाजूचा कान लाल आणि उष्ण झाल्याचे त्यांना दिसले. रक्तवाहिन्यांवर चेतासंस्थेची सत्ता कशी चालते, याच्या अभ्यासाला त्या प्रयोगाने मोठी चालना मिळाली.

ही व्यवस्था उत्तम असली तरी तिला एक अट आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या अटीतच आहे. उष्णता अधिक उष्ण वस्तूकडून कमी उष्ण वस्तूकडेच जाते. सशाच्या शरीराचे स्वाभाविक तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते. खोलीतील हवा २० अंश असेल तर कान आपले काम सहज करतात, ३० अंशांच्या आसपास ते जेमतेम करतात, आणि हवा ४२ अंशांवर गेली की कानांतून उष्णता बाहेर पडण्याऐवजी आत येऊ लागते. अशा हवेत लावलेला पंखा गरम हवाच अधिक वेगाने सशाच्या अंगावर आणून सोडतो. नौतप्याच्या, म्हणजे मे-अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या, दिवसांत ग्वाल्हेरचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून सशावर वारा सोडण्यापेक्षा त्याच्या भोवतालची हवाच थंड करणे, हा एकमेव खरा उपाय आहे. १५ ते २१ अंशांत ससा सुखात असतो. २६-२८ अंशांच्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि ३० अंशांनंतर त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते.

आता घराविषयी. दगडी फरशांचे छत असलेल्या घराचा वरचा मजला दिवसभर तापतो आणि ती उष्णता सूर्यास्तानंतर कितीतरी तास खोलीत सोडत राहतो, त्यामुळे संध्याकाळी बाहेर वारा सुटला तरी आत भट्टीच असते. पिंजरा तळमजल्यावरील, पश्चिमेचे ऊन न येणाऱ्या खोलीत हलवावा. हवा खेळती असेल तर जुन्या घरातील तळघर सर्वांत चांगले. छतावरील पत्र्याखालची जागा, बाल्कनी आणि बंद काचांची खोली ही तीन ठिकाणे मात्र पूर्णतः वर्ज्य समजावीत. सावलीही दिवसभरात सरकत असते. सकाळी दहाला सावलीत ठेवलेला पिंजरा दुपारी दोनला उन्हात आलेला असतो, आणि नेमके त्याच वेळी घर झोपलेले असते. एक साधा तापमापक पिंजऱ्यापाशी, जमिनीच्या उंचीवर टांगून ठेवावा. भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावलेला तापमापक सशाचे तापमान सांगत नाही.

कूलर अवश्य लावावा. मे महिन्यातील आपल्याकडील हवा इतकी कोरडी असते की कूलरला याहून अनुकूल ऋतू नाही. ४४ अंशांची, १५ टक्के आर्द्रतेची हवा चांगल्या ओल्या वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांतून आली तर ती २८-३० अंशांपर्यंत उतरू शकते. मात्र समोरची खिडकी उघडी हवी. ओली हवा बाहेर जाण्यास वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते आणि कूलरचा गुण संपतो. झोत थेट पिंजऱ्यावर नसावा, भिंतीवर आदळून पसरणारा असावा. पिंजऱ्याबाहेर मोकळा सोडलेला ससा कूलरची वायर हमखास कुरतडतो, त्यामुळे ती उंचावरून न्यावी किंवा नळीत घालावी. वातानुकूलन यंत्र असेल तर ते २४-२५ अंशांवर ठेवणे पुरेसे आहे.

वडीलधाऱ्यांच्या शंकेत अर्धे तथ्य आहे. सशाचे नाक वाहणे व शिंका येणे हे बहुतेक वेळा पाश्चुरेलासारख्या जीवाणूंमुळे होते, गार हवेमुळे नव्हे. परंतु ओले गवत आणि साचलेले मूत्र यांतून अमोनिया सुटतो, त्याने श्वासमार्ग चुरचुरतो आणि त्या जीवाणूंना वाव मिळतो. कूलरच्या खोलीत गवताचे अंथरूण लवकर ओलसर होते. ते रोज बदलल्यास कूलरला दोष देण्याचे कारण उरणार नाही.

वीज जाणे हा ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचा अटळ भाग आहे, तेव्हा त्याची तयारी आधीच हवी. पाऊण भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या, किंवा त्याहून बरे म्हणजे घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे, फ्रीजरमध्ये गोठवून ठेवावेत. प्लॅस्टिक ससा चावतो, स्टील चावू शकत नाही. ते काठोकाठ भरू नयेत, कारण गोठताना पाणी फुगते. असा डबा पंच्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवावा व दुसरा कोपरा मोकळा सोडावा, म्हणजे त्याच्याशी टेकायचे की दूर बसायचे हे ससाच ठरवील. तारेच्या जाळीऐवजी पायाखाली कोटा किंवा संगमरवराची फरशी असावी. दोन फरश्या असल्यास एक पाण्यात निवत ठेवून आलटून-पालटून वापराव्यात. मागचे पाय लांब सोडून फरशीला पोट लावून शांत पडलेला ससा पाहून घाबरू नये; त्याला सोयीचे पडले आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रश्न : मुरारच्या पलीकडच्या शेतांत भर उन्हाळ्यात ससे दिसतात. त्यांना ना कूलर ना बर्फ. मग घरच्या सशाचे इतके लाड कशासाठी? निसर्गाने त्यालाही सोय दिलेली असणारच.
– एक वाचक, मुरार

उत्तर : आपण शेतात पाहता तो काळ्या मानेचा भारतीय ससा, आणि बाजारातून आणतो तो युरोपीय ससा, हे दोन प्राणी एका कुळातले असले तरी एका प्रजातीचे नाहीत, एका वंशाचेही नाहीत. शेतातील ससा बीळ करत नाही. झुडपाखाली किंवा उंच गवतात थोडी दबलेली जागा करून तो दिवस काढतो आणि चरायला रात्री निघतो. त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊन जन्मतात, कारण त्यांना उघड्यावरच वाढायचे असते. पाळीव सशाचे पूर्वज मात्र स्पेन, पोर्तुगाल आणि दक्षिण फ्रान्सचे. ते जमिनीत बिळांचे जाळे करून राहतात व पहाटे आणि संध्याकाळी चरतात. त्यांची पिल्ले उघडी-नागडी, डोळे मिटलेली अशी बिळातच जन्मतात. अर्ध्या मीटरपेक्षा खोल मातीत दिवस-रात्रीचा चढ-उतार जवळजवळ पोहोचत नाही, त्यामुळे बाहेर रखरख असताना बीळ गारच राहते. राजा मानसिंह तोमर यांनी किल्ल्यावर बांधलेल्या मानमंदिराचे दोन मजले जमिनीखाली आहेत, ते उतरून गेलेल्या वाचकांना बिळाची कल्पना यावी.

तेव्हा निसर्गाने सोय दिलेली आहेच, पण ती सशाच्या अंगात नव्हे, बिळात आहे, आणि बीळ आपण काढून घेतले आहे. पिंजऱ्यातील सशाला ऊन आले म्हणून उठून जाता येत नाही. म्हणूनच मी वरील व्यवस्थेला लाड म्हणणार नाही.

अंगण असल्यास बिळाची उणीव थोड्या खर्चात भरून काढता येते. मोठ्या तोंडाचा, सशाला आत शिरून वळता येईल एवढा मातीचा माठ किंवा जुना रांजण सावलीत आडवा ठेवून खालून विटा लावाव्यात, त्यावर गोणपाट घालावे आणि ते दिवसभर भिजते ठेवावे. आपल्या कोरड्या हवेत पाण्याचा माठ जसा निवतो तसाच हाही निवतो. आतला भाग मात्र कोरडा असला पाहिजे. मांजरे व भटकी कुत्री यांपासून बंदोबस्त केल्याविना अंगणात ससा ठेवू नये, कारण भीतीनेही त्याचा श्वास आणि तापमान वाढते.

जाता जाता एक सूचना. शेतात एकटे सापडलेले सशाचे पिल्लू अनाथ समजून मुले घरी आणतात. त्याची आई दिवसा जवळ नसते व दूध पाजायला अंधारात येते. ते जिथे होते तिथेच ठेवावे. भारतीय ससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित असल्याने तो पाळताही येत नाही.

प्रश्न : आमच्या आजी लू लागू नये म्हणून सशाला कांदा आणि कैरीचे पन्हे द्यायला सांगतात. थंड पाण्याने रोज आंघोळ घालावी व अंगावरचे केस काढावेत, असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला आहे. यांतले काय करावे?
– एक वाचिका, शिंदे की छावणी

उत्तर : चारांपैकी काहीच करू नये, कांदा तर मुळीच देऊ नये. उन्हात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडची रीत माणसांपुरती निरुपद्रवी आहे, परंतु कांदा-लसणातील गंधकयुक्त द्रव्ये सशाच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात व त्याला रक्तक्षय होतो. पन्ह्यातील साखर व मीठ त्याच्या पचनाला मानवत नाही. सशाच्या मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत जीवाणूंच्या मदतीने गवताचे पचन चालते, आणि साखर तेथील जीवाणूंचा तोल बिघडवते. ग्लुकोजचे पाणीही त्याच कारणाने नको.

त्याला साधे, स्वच्छ पाणी भरपूर मिळाले पाहिजे. सशाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते आणि उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. नळीच्या बाटलीतून थेंब-थेंब चाटण्यापेक्षा उघड्या भांड्यातून ससे जास्त पाणी पितात, म्हणून पाखरांसाठी आपण छतावर ठेवतो तसा मातीचा जड सकोरा पिंजऱ्यात ठेवावा. तो सहजासहजी उलटत नाही. पाणी दुपारी एकदा बदलावे. मेथी, कोथिंबीर, पुदिना, हरळी हे धुऊन, पाणी न निथळता दिले तर खाण्याबरोबर पाणीही पोटात जाते. कलिंगडाची एखादी लहान फोड क्वचित चालेल. सुके गवत सदैव समोर असावे. दुपारच्या उकाड्यात ससा खात नाही, त्यामुळे मुख्य आहार पहाटे आणि रात्री उशिरा द्यावा.

आंघोळीचे म्हणाल, तर सशाची लव इतकी दाट असते की पाणी कातडीपर्यंत लवकर पोहोचत नाही, आणि पोहोचले की लवकर वाळत नाही. ओला थर अंगाला चिकटून बसतो, खाली बुरशी धरते, शिवाय बुडवण्याच्या धसक्यानेच काही ससे दगावतात. कानांना मात्र ओल्या हाताने दिवसातून काही वेळा पुसावे; पाणी कानाच्या बाहेरच्या बाजूस लावावे, भोकात जाऊ देऊ नये.

केस मुळापासून काढू नयेत. सशाची कातडी अतिशय पातळ असते, वस्तरा किंवा यंत्र लागून ती सहज फाटते. उन्हाळ्याच्या तोंडावर ससे आतली लव आपोआप टाकतात. रोज मऊ ब्रशने किंवा विरळ फणीने ती काढून टाकणे एवढेच आपले काम. अंगोरा ससा याला अपवाद आहे. त्याची लोकर वरचेवर कातरावीच लागते. पण खरे सांगायचे तर अंगोरा ग्वाल्हेरात आणूच नये. आपल्या देशात त्याचे संगोपन हिमाचलातील कुल्लू खोऱ्यात होते, ते तेथील थंडीमुळे, आणि केवळ दिसायला सुंदर म्हणून तो मैदानी भागात विकत घेण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

प्रश्न : सशाला ऊन लागले हे कसे ओळखावे? अशा वेळी डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत घरी काय करावे? तापासाठी घरात असलेली पॅरासिटामॉल देता येईल का?
– एक वाचक, कंपू

उत्तर : निरोगी ससा विसावलेला असताना मिनिटाला ३० ते ६० श्वास घेतो. श्वास इतके वाढले की मोजता येत नाहीत, नाकपुड्या जोराने फुलत-मिटत आहेत, नाकाभोवती व हनुवटीखाली ओले झाले आहे, कान हाताला कढत लागत आहेत, तर ऊन लागले असे समजून तत्काळ हालचाल करावी. मान मागे टाकून तोंडाने श्वास घेणे, उठताना लडखडणे, झटके येणे ही अत्यंत धोक्याची चिन्हे होत. शरीराचे तापमान ४०.५ अंशांच्या वर गेले की अवयवांना इजा होऊ लागते. स्थूल, वृद्ध आणि गाभण सशांत ही वेळ लवकर येते.

प्रथम त्याला घरातील सर्वांत गार जागी फरशीवर ठेवावे. साध्या गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याने कान आणि पायांचे तळवे ओले करीत राहावे, आणि मग पंखा लावावा. पहिल्या उत्तरात मी पंख्याला नकार दिला होता, तो कोरड्या कानांसाठी. कान ओले असताना वाऱ्याने पाणी उडते आणि उडताना कानांतील रक्त निववते, म्हणजे जो घाम सशाकडे नाही तो आपण बाहेरून पुरवतो. बर्फाचे पाणी वापरू नये व सशाला पाण्यात बुडवू नये. अति गार स्पर्शाने कानांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता बाहेर पडण्याची एकुलती वाट बंद होते. तो शुद्धीवर असेल व स्वतः पीत असेल तर पाणी पुढे धरावे. पिचकारीने तोंडात सोडू नये, ते फुप्फुसात जाते. दहा-पंधरा मिनिटे हे करून, श्वास थोडा उतरला की लगेच पशुवैद्यांकडे निघावे. ओले फडके व गोठवलेला डबा पेटीत बरोबर असू द्यावा. श्वास उतरत नसेल तर थांबू नये, वाटेतही कान ओले करीत न्यावे.

पॅरासिटामॉल देऊ नये. तापात शरीर स्वतःच आपले तापमान वर नेऊन ठेवते, आणि ते औषध ती पातळी खाली आणते. ऊन लागते तेव्हा शरीराने काहीही वर नेलेले नसते. बाहेरची उष्णता साठलेली असते, तिच्यावर या औषधाचा काही परिणाम होत नाही.

ससा सावरला तरी पुढील दोन दिवस त्याच्या लेंड्यांवर लक्ष ठेवावे. उष्णतेच्या धक्क्याने आतड्यांची हालचाल मंदावते, आणि बारा तास ससा खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल, तर तोही तितकाच तातडीचा आजार आहे.

प्रश्न : पहिला पाऊस पडला की सशाची काळजी संपते का?
– एक वाचिका, लष्कर

उत्तर : नाही. जुलैत पारा ३४ अंशांवर येतो, परंतु हवेत ७५ टक्के आर्द्रता असेल तर कूलर त्यातून तीन-चार अंशही धड कमी करू शकत नाही आणि खोलीचा दमटपणा मात्र वाढवतो. त्या दिवसांत कूलरचे पाणी बंद करावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि गार फरशी व गोठवलेले डबे यांवर भिस्त ठेवावी. वातानुकूलनाची खरी गरज याच काळात असते. दुसरा धोका माश्यांचा. सशाच्या शेपटीखाली ओल किंवा विष्ठा चिकटून राहिली तर माश्या तेथे अंडी घालतात आणि एका दिवसाच्या आत अळ्या मांसात शिरू लागतात. सकाळ-संध्याकाळ त्याला उचलून मागचा भाग तपासावा, पिंजऱ्याला बारीक जाळी लावावी आणि एखादी जरी अळी दिसली तरी उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे.